कामठ्याचं पेटतं गंगाजल

चैनलाल पटलेंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कामठा गावातली अर्धी माणसं तिथं, आणि उरलेली कुंपणावर. मधोमध बसलेल्या जलज्योती महाराजांनी तांब्याच्या कलशात 'गंगाजल' ओतलं, त्यात चांदीचं बेलपान सोडलं आणि झाकण घट्ट लावलं. कलशाची नळी गोबर गॅसच्या नळीला जोडलेली. थोड्याच वेळात शेगडीची मरगळलेली ज्योत घुमायला लागली.

"पाण्यात अग्निदेव जागले!" महाराज गरजले. "उद्या स्वयंपाकघरात महाज्योत! दार-खिडक्या बंद. आधी वायू भरू द्यायचा, पंखा चालू, म्हणजे वायुदेव नाचतील. मग घरच्या लक्ष्मीनं काडी ओढायची."

घरची लक्ष्मी म्हणजे चैनलालची बायको भूमेश्वरी. देवापेक्षा भांड्यांशी तिची ओळख जास्त. कलश उचलायला गेली नि तिचा हात पोळला. झाकणापाशी ओघळलेला थेंब बोटाला साबणासारखा बुळबुळीत लागला, मग चुरचुरला. ती तडक शाळेतल्या विज्ञानाच्या रविता मॅडमकडे गेली.

"मॅडम, चूल नाही, इस्तो नाही, तरी गंगाजल काऊन तापून राहिलं?"

दुसऱ्या दिवशी महाज्योतीच्या आधीच मॅडम अंगणात हजर. सोबत तीन पत्र्याचे डबे.

चैनलाल वैतागला. "मॅडम, तुमी कायले मधात येता?"

"पूजाच करते मी पण. सगळे भिंतीमागं व्हा."

त्यांनी काचेच्या बाटलीत कास्टिक सोड्याचं पाणी घेतलं, त्यात ॲल्युमिनियमचा कागद टाकला. बाटली तापली, बुडबुडे उसळले. "हेच गंगाजल, हेच बेलपान. निघतो तो हायड्रोजन."

पहिल्या डब्यात हवेसोबत नुसता गोबर गॅस. लांब काठीच्या टोकाचा पेटता काकडा भोकाशी नेला. फुस्स! झाकण जरासं उचललं. लोक हसले.

दुसऱ्यात थोडा हायड्रोजन मिसळला. धाड! झाकण अंगणापलीकडे.

तिसऱ्यात तेच मिश्रण, पण आत पुठ्ठ्याचा पंखा, बाहेरून तारेनं फिरवलेला. या वेळी झाकण छपराचं कवेलू फोडून आत रुतलं. कोणी हसलं नाही.

"गोबर गॅसची आग सावकाश पसरते," मॅडम म्हणाल्या. "हायड्रोजन तिला पळवतो. वारा घुसळला की आगीला सुरकुत्या पडतात, ती एकदम चहूकडून जळते. दाब क्षणात चढतो. डब्याचं झाकण उडालं. बंद खोलीत भिंती उडतील."

चैनलालनं भूमेश्वरीकडं पाहिलं. काडी तीच ओढणार होती.

"तो तुमचा भौतिक वायू," महाराज अजून ताठ. "आमचा दैवी!"

भूमेश्वरीनं माचिस पुढं केली. "मग महाराज, तुमीच लावा. आमी रस्त्यावर उभे रायतो."

महाराजांना आमगावची गाडी आठवली. कलश न्यायचं मात्र आठवलं नाही.

"पाप लागते का वो मॅडम, महाराजाले असं विचारल्यानं?" चैनलालनं हळूच विचारलं.

"विचारल्यानं कोणी जळत नाही, चैनलालभाऊ. न विचारता काडी ओढल्यानं जळतो. पाणी पेटलेलं दिसलं तर हात जोडू नका. आधी दार-खिडक्या उघडा, मग विचारा: यात घातलंय काय?"