तिसऱ्या पटाचे पंच

तमारने घड्याळ थांबवलं आणि हात वर केला.

सभागृह आधीच शांत होतं. आता एसीची घरघरसुद्धा दबल्यासारखी वाटली. दोरीच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत निकिता बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. तमारच्या समोर खेळणाऱ्या राजनंदिनीची बोटं उंटावर टेकली होती. टेकली, थबकली, मागे आली, आणि मग तिने घोडा उचलून पुढे ठेवला होता. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. तो उंट हलला असता तर मागचा हत्ती फुकट जात होता, आणि हत्तीबरोबर डावही.

टेबलाच्या कडेला, दोन हातांवर, निकिताचे बाबा उभे होते. दशरथ ओव्हाळ, तिसऱ्या पटाचे पंच. तोंड पटाकडेच होतं. आणि ते ढिम्म उभे होते.

“पंच जागे आहेत ना?” शेजारचे गृहस्थ पुटपुटले. “डोळे उघडे ठेवून झोपायची कला सरकारी नोकरीतच शिकवतात.”

“ते निवृत्त आहेत,” निकिता म्हणाली.

“मग सवय राहिली म्हणायची.”

तिने नजर पटावरून हलू दिली नाही.

काचबिंदू आहे असं मे महिन्यात कळलं होतं. दोन्ही डोळ्यांत, पण डावा जास्त. समोरचं नीट दिसत होतं. कडेचं, विशेषतः डावीकडचं आणि खालचं, हळूहळू पुसलं जात होतं. डॉक्टरांकडे निकिताच घेऊन गेली होती. जिना उतरताना बाबा म्हणाले होते, “आईला सांगू नकोस. ती मला रस्तासुद्धा ओलांडू देणार नाही.” आणि खाली स्कूटरपाशी आल्यावर म्हणाले, “स्पर्धेवाल्यांनाही नको. एवढी एक होऊ दे.”

येरवड्याच्या सरकारी छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. आठवडाभर छापखाना आणि रविवारी बुद्धिबळ. शाळांचे वर्ग, मंडळांचे हॉल, एका मंगल कार्यालयात तर एकदा वऱ्हाड येईपर्यंत उरकलेल्या दोन फेऱ्या. चाळीस वर्षं ते लोकांच्या मुलांना सांगत आले, “हात लावण्याआधी विचार करायचा, नंतर नाही.” जगातल्या दहा नामवंत महिला खेळाडू पुण्यात येणार होत्या, त्यांच्या स्पर्धेची पुस्तिका घरी आली तेव्हा बाबांनी पंचांच्या यादीवर बोट फिरवत स्वतःचं नाव दोनदा वाचलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची नावं तपासली, हे बहुतेक पहिलंच स्वतःचं. म्हणूनच निकिताने कुणाला न सांगायचं कबूल केलं होतं. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, दुपारी स्कूटरवरून सभागृहात सोडायचं आणि रजा टाकून पहिल्या रांगेत बसायचं. आठ फेऱ्या तिने अशाच काढल्या होत्या.

आठ दिवस बाबा बसलेच नाहीत. इतर पंच खुर्चीवर टेकत; बाबा टेबलाभोवती फिरत, मान वळवून वळवून सगळा पट नजरेखालून घालत. खेळाडूंना तो दक्षपणा वाटे. वर्तमानपत्रात एक फोटोही आला, ‘अथक पंच’. निकिताने तो कापून ठेवला होता, आणि कापताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती. पुढच्या मार्चमध्ये बाबा गेले तेव्हा नातेवाइकांनी तोच फोटो मोठा करायचं सुचवलं. तिने दुसरा दिला.

पण हे नंतरचं. आत्ता नववी, शेवटची फेरी होती. राजनंदिनी पुण्याची, सगळा हॉल तिच्या बाजूचा, आणि जिंकली तर अर्ध्या गुणाने पहिली येणारी. तिच्या घड्याळात चार मिनिटं उरली होती.

मुख्य पंच नीरजा भराभर चालत आली. पंचगिरीचे पहिले धडे तिने बाबांकडेच गिरवले होते. परदेशातून आलेली तमार उभी राहून हलक्या आवाजात इंग्रजीत बोलली, उंटाकडे बोट केलं. राजनंदिनीचे कान लाल झाले होते.

“मॅडम, मला खरंच आठवत नाहीये. बाही लागली असेल.”

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. “हरायला लागली की यांना असलंच दिसतं.” आणखी दोघे-तिघे हसले. तमारला मराठी कळत नव्हतं, पण हसणं कळलं. तिने मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं.

“कॅमेऱ्यात राजनंदिनीचा खांदा आड आलाय,” चित्रण तपासून नीरजा बाबांना म्हणाली. जवळ असल्यामुळे निकिताला शब्द न् शब्द ऐकू येत होता. “पण सर, तुम्ही तर इथेच होतात. नाही ना लावला हात?”

बाबांनी फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. नीरजाला तेच हवं होतं, हॉललाही तेच हवं होतं. निकिता खुर्चीच्या कडेवर आली. म्हणा बाबा, तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, म्हणू नका.

“मला सांगता येणार नाही,” बाबा म्हणाले.

“म्हणजे? तुम्ही पटाकडेच बघत होतात.”

“बघत होतो. पण डावीकडचं मला दिसत नाही, नीरजा. काचबिंदू आहे. मेपासून.”

नीरजाने क्षणभर डोळे मिटले. “हे आत्ता सांगताय सर?”

“तेव्हाच सांगायला हवं होतं. लोभ सुटला नाही.” मग ते नेहमीच्या, फेरीपूर्वी सूचना देतानाच्या आवाजात म्हणाले, “प्रेक्षकांचं धरत नाहीत आणि दुसरा साक्षीदार नाही, म्हणून दावा सिद्ध होत नाही. डाव पुढे चालू कर. आणि माझ्या जागी दुसरं कुणी उभं कर.”

नीरजा स्वतःच उभी राहिली. घड्याळ सुरू झालं. बाबा भिंतीशी जाऊन खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसावं तसे. नऊ दिवसांत निकिताने त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं. शेजारचे गृहस्थ काहीतरी बोलायला वळले आणि तिचा चेहरा बघून पुन्हा पटाकडे वळले.

पाऊण तासाने तमारने हात पुढे करून हार मान्य केली. पडद्यावर निकाल झळकले: राजनंदिनी साडेसहा गुणांसह पहिली, तमार पाचवी. टाळ्या थांबेनात. ढोलताशाचं पथक बाहेर तयारच होतं.

बाबा गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याची फीत गुंडाळत बाहेर आले. चहाच्या टेबलापाशी गर्दी होती, ते तिला बाजूला घेऊन गेले.

“तू समोर होतीस.”

“हो.”

“लावला होता का गं हात तिने?”

निकिताकडे उत्तर तयार होतं; पाऊण तास ती तेच घोळवत होती. इतक्या लांबून कळलं नाही, बाबा. एवढं म्हटलं की स्कूटर काढायची, घरी जायचं, आईच्या हातची भाकरी खायची. बाबा तिच्या चेहऱ्याकडे थेट बघत होते. समोरचं त्यांना चांगलं दिसत होतं.

“लावला होता,” ती म्हणाली. “स्पष्ट.”

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले.

“पोरीला कळलंही नसेल. चार मिनिटांत काय कळतं माणसाला.” मग म्हणाले, “ती दुसरी अजून गेली नसेल ना?”

“कशाला आता? निकाल लागला, बाबा.”

“निकालाचं नाही बोलत मी.”

तमार प्रवेशदारापाशी बॅग घेऊन गाडीची वाट बघत उभी होती, एकटीच. बाहेर ढोल वाजत होता. बाबा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि छापखान्यात कमावलेल्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत बोलू लागले.

“मॅडम, तिने उंटाला हात लावला होता. मला दिसला नाही. चूक माझी आहे.”

“मला माहीत आहे तिने लावला होता,” तमार म्हणाली. “आता निकाल बदलेल?”

“नाही.”

“मग मला का सांगताय?”

बाबांनी सभागृहाच्या दाराकडे बोट केलं. “मघाशी लोक तुम्हाला हसले. तुम्ही खरं बोलत होतात. ते पंचाने सांगायचं असतं.”

तमार त्यांच्याकडे बघत राहिली. गाडी येऊन थांबली, ड्रायव्हरने बॅग उचलली, तरी ती हलली नाही. मग तिने हात पुढे केला, त्यांच्या डावीकडून, कमरेच्या उंचीवर.

बाबा तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. हात तसाच अधांतरी राहिला. निकिताने त्यांचं कोपर धरायला हात उचलला, पण मध्येच आवरला.

तमारने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे. ती एक पाऊल सरकून बरोबर त्यांच्या समोर आली आणि हात जरा वर उचलून पुन्हा पुढे केला.

या वेळी त्यांना तो दिसला.