शर्टाच्या बटणाचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि सध्या माझे डोके फार तापलेले आहे. पोटात कॅसेट तशीच आहे, पण वायर गुंडाळून मला कपाटावर बसवून ठेवले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथले फारसे आठवत नाही. खरे आयुष्य सुरू झाले ते शिलाई मशीनशेजारी. या घरची आई पडदे आणि गणवेश शिवायची. मशीनची खडखड एवढी, की गाण्यातले अर्धे शब्द त्यातच बुडायचे. तिचे काही अडायचे नाही. बुडालेले शब्द ती स्वतः म्हणायची. माझे वाजवायचे बटण तुटले तेव्हा तिने त्या जागी शर्टाचे बटण चिकटवले. शेजारणी म्हणायच्या, "तुमचा टेप म्हणजे घरातलं माणूसच हो!" मी अभिमानाने फुगायचो.

एक गाणे तिचे फार लाडके. त्यात शेवटच्या कडव्याआधी गाणारी खोल श्वास घेते. तो आला की आईचे पाय थांबायचे. मशीन गप्प, आईही गप्प.

मग मुलगा कमावता झाला. तो चष्म्याच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांसमोर काचा बदलून विचारतो, "यातून स्पष्ट दिसतं, की यातून?" तीच खोड तो घरी घेऊन आला. मोठे स्पीकर आले, जाड वायरी आल्या आणि माझा प्लग निघाला.

"अरे, माझं गाणं?" आईने विचारले.

"त्या डबड्यात काय ऐकतेस, आई? यावर ऐकवतो तुला. फक्त आवाज नीट बसू दे."

डबडे! ऐकून घेतले. सांगतो कोणाला?

आवाज काही बसेना. तो गाणे लावायचा, सुरुवात झाली की बंद करायचा, स्पीकर वीतभर सरकवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. खोली घुमते म्हणून भिंतींना जाड पडदे हवे झाले. तेही आईनेच शिवले. एकदा गाणे पुढे पळवून त्याने तो श्वास ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा रेकॉर्डिंगमधला दोष आहे. काढता येतो का बघतो." आई घाईने म्हणाली, "नको रे, राहू दे तो."

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. प्लग निघण्याआधीच आई माझा आवाज पूर्ण वाढवू लागली होती. आता हाक मारली तरी ती उशिरा वळायची. मुलगा खूश. "बघ, पडद्यांनी खोली कशी शांत झाली!" अरे शहाण्या, खोली नाही, तिचे कान! पण ओरडायलाही वीज लागते.

अखेर एका रविवारी दुपारी आवाज त्याच्या मनासारखा बसला. त्याने आईला बरोबर मधल्या खुर्चीवर बसवले. मोठ्या आवाजात बारकावे मरतात असे त्याचे मत, म्हणून आवाज बेताचा ठेवला. खरे सांगतो, मला हेवा वाटला. तसे वाजणे मला जन्मात जमले नसते. पहिल्यांदाच गाणे कोणी मधे तोडले नाही. तो श्वास आला, अगदी शेजारी बसून घेतल्यासारखा. मुलाचेच डोळे भरून आले. तो आईकडे वळला.

आई हात मांडीवर ठेवून केव्हाची त्याच्याकडे बघत होती.

"झालं का रे तुझं?" ती म्हणाली. "लाव मग आता गाणं."

गाणे वाजतच होते.

मुलाने स्पीकर बंद केले. मग त्याने मला खाली काढले, प्लग लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि शर्टाचे बटण दाबले. माझा कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा सैल पडलेला. मी नुसताच घरघरलो. लाजेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण आईने माझ्यावर हात ठेवला, हाताला माझी थरथर जाणवली, आणि ती स्वतःच म्हणू लागली. शेवटच्या कडव्याआधी तिने खोल श्वास घेतला. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. या वेळी त्याला त्यात दोष सापडला नाही.

मित्रांनो, नवा पट्टा येईपर्यंत मी पुन्हा कपाटावर आहे; तो बदलता येईल. पण घरात कोणी "गाणं लाव" म्हणाले, तर लगेच लावा आणि संपेपर्यंत बटणाला हात लावू नका. आवाज काय, मागाहूनही सुधारता येतो. ऐकणाऱ्याचे कान तोवर थांबत नाहीत.