एकोणिसावं मत

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जायला लागला, तेव्हा बार्शीटाकळीजवळच्या एका गावात नवा कापूसबाजार कुठं भरवायचा, नाल्याकाठी की सडकेला, यावरून रण माजलं. अमरावतीच्या साहेबानं मतं घ्यायला लावली. कारकुनानं वावरवाल्यांची यादी पुकारायची, नाववाल्यानं 'हजर' म्हणून आपल्या पसंतीच्या मडक्यात एक सरकी टाकायची. कोणी कुठं टाकली ते दिसू नये म्हणून कारकुनानं मडक्यांकडं पाठ फिरवून बसायचं. कारकून होता वामनराव, त्याच गावचा. तीनशे बारा नावं त्यानं भर उन्हात वाचली. वाचायचं, खूण करायची, विचार करायचा नाही, अशी त्याची शिस्त. तिचा त्याला अभिमानही होता.

सडकवाले जिंकले. नालेवाल्यांनी अर्ज ठोकला की मेलेली माणसं मतं टाकून गेली. साहेबाचा कागद आला: खोटी मतं शेकडा किती, कोणी टाकली, ते कळवा, सरकारी नोकराच्या घरचं निघालं तर त्याची नोकरी गेली.

वामनराव यादी घेऊन घरोघर फिरला. लपवालपवी कोणी केली नाही. आपण खोटं केलं असं वाटलं तर माणूस लपवील ना. नत्थुजीनं तर बसवून गूळपाणी दिलं.

"वावर बापाच्या नावावर हाय, वाहून राहिलो मी," तो म्हणाला. "मंग त्याचं मत काय मांजर टाकीन?"

अशी अठरा निघाली. एकोणिसावं नाव उद्धवचं, वामनरावाच्या धाकट्या भावाचं. तो दोन वर्षांपूर्वी पटकीनं गेला होता. नावापुढं खूण होती, वामनरावाच्याच हातची.

घरी त्याची आई पार्वताबाई भाकरी थापत होती.

"माय, उद्धवच्या नावावर हजर कोन म्हनलं?"

"मी."

"काहून?"

"तूच त हाक मारली. दोन सालं झाले, या घरात त्याचं नाव कोनी काढत नाही. तू भी नाही. एवढ्या लोकात मोठ्यानं हाक आली, मंग मी गप राहू?"

वामनरावाला फार वाईट वाटलं; नोकरीचं त्याच्या मागून आठवलं. त्यानं तिथंच बसून लिहिलं: खोटी मतं एकोणीस, शेकडा सहा. एकोणिसाव्यापुढं, कोणी टाकलं या रकान्यात, स्वतःचं नाव घातलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

मग आईकडं तोंड करून त्यानं हाक मारली, "उद्धव."

"हजर," आई म्हणाली, आणि तिनं भाकरी उलटली.