चाकाखालचे कमळ

जीपवाल्या पंडितच्या थोरल्या लेकीचे, साक्षीचे, बारसे झाले त्या साली, म्हणजे दोन हजार चार साली, मी गाडीत आलो. त्याआधी किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. दगडाला वर्षे मोजता येत नाहीत. ऊन आणि पाऊस एवढेच त्याला कळते; पुढचे आकडे मी गाडीतल्या गप्पांतून उचलले.

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. विटेहून थोडा मोठा, काळा आणि जड. माझे एक अंग सपाट आहे आणि दुसऱ्या अंगावर अर्धे कमळ कोरलेले आहे. तीन पाकळ्या आणि त्यांच्या खाली मण्यांची एक ओळ. उरलेल्या तीन पाकळ्या माझ्यापाशी नव्हत्या. मला शोधताना एका म्हाताऱ्या बाईचा जीव कसा टांगणीला लागला, ते मी तुम्हाला सांगणार आहे.

पालमच्या पुढे गोदावरीच्या काठी कोलघाट नावाचे गाव आहे. तिथे नदीकडे उतरणाऱ्या घाटावर महादेवाचे फार जुने देऊळ आहे. त्या देवळाच्या दाराच्या चौकटीत माझा जन्म झाला. ज्या पाथरवटाने मला घडवले, त्याच्या भुवया दगडाच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या असत. एक पाकळी झाली की तो तिच्यावरून अंगठा फिरवी. अंगठा कुठे अडला तर पुन्हा छिन्नी हातात घेई. सहावी पाकळी झाली तेव्हा त्याने फुंकर मारून माझ्यावरचे पीठ उडवले आणि बराच वेळ नुसता बघत बसला. माझे पहिले कौतुक ते.

पुढे कधीतरी चौकटीच्या सांध्यात पिंपळाचे मूळ शिरले. मूळ घाई करत नाही, पण थांबतही नाही. एका उन्हाळ्यात भर दुपारी कमळ मधोमध तडकले. अर्धे वर राहिले आणि अर्धे, म्हणजे मी, पायऱ्यांवरून गडगडत खाली गवतात येऊन पडलो.

तिथे मला केशर भेटली. दहा वर्षांची असेल. ती शेळ्या राखायची. त्या काळी तिच्या वस्तीतल्या माणसांना देवळाची पायरी चढू देत नसत. शेळ्या खुशाल पायऱ्या चढत आणि दारातला पाला खात. त्यांना कोणी काही म्हणत नसे. केशर मात्र खाली उभी राहून त्यांना हाका मारत बसे. सगळ्या देवळातला तिला शिवता येईल असा मी एकटाच होतो. ती माझ्याशेजारी बसून भाकरी खाई आणि रिकाम्या हाताने पाकळ्यांवरून बोट फिरवी. कोरणाऱ्याचा अंगठा जिथून गेला होता, तिथूनच तिचे बोट जाई.

मग तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. काही वर्षांनी तिचे लग्न झाले आणि ती झरीला नांदायला गेली. माझ्यावर गवत वाढले.

पंडित आला तो वऱ्हाड घेऊन. त्याच्याकडे काळी-पिवळी जीप होती. घाटावर गाडी उभी करताना हँडब्रेकची तार तुटली. त्याने गवतातून एक दगड उचलून चाकापुढे टाकला, चाकाने तो ढकलून दिला. दुसरा टाकला, तोही गेला. तिसऱ्या खेपेला मी हाती लागलो. माझी कोरलेली बाजू खाली गेली, पाकळ्या मुरमात रुतल्या आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"आरं वा!" पंडित म्हणाला. "ह्योच की आपला हँडब्रेक!"

त्याने मला मागच्या सीटखाली टाकले. तार काही त्याने परत बसवली नाही.

मित्रांनो, वीस वर्षे मी ती चाकरी केली. गाडीचा सेल्फही पुढे कधी लागे, कधी न लागे. म्हणून पंडितची एक रीत ठरून गेली. गाडी नेहमी उताराला तोंड करून लावायची, न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकाखाली मला घालायचे. निघताना मला काढले की गाडी आपोआप घरंगळे, पंडित गिअर टाके आणि इंजिन सुरू होई. पालमचा स्टँड असो की जिंतूरचा रस्ता, मी एकदाही सरकलो नाही. पंडित लोकांपुढे माझी तारीफ करी. पण मला उलटे करून कधी कोणी पाहिले नाही. पाकळ्यांत चिखल बसला, चिखलावर ग्रीस बसले. शेजारी जॅक आणि तेलकट फडके. एवढाच माझा शेजार.

दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत परभणीच्या एका मास्तरीणबाईंनी ही जीप दिवसभरासाठी पेशल ठरवली. त्यांचे नाव धम्मशीला. शाळेत इतिहास शिकवत. सोबत त्यांची आई होती. आईला काचबिंदू झाला होता आणि डोळ्यांपुढचा उजेड महिन्या-महिन्याने कमी होत होता. डोळे आहेत तोवर माहेरचे देऊळ एकदा पाहायचे, एवढेच तिने मागितले होते. वाटेत धम्मशीलाबाईंना एक जुनी बारवही पाहायची होती.

गाडीत बसताना आईने विचारले, "पंडित, तुझी गाडी माझ्याहून म्हातारी दिसायली. पोचवती न्हवं?"

"मावशी, गाडी म्हातारी हाय, पर तुमच्यासारखीच खमकी हाय."

"मी खमकी हाय, पर माझे गुडघे न्हाईत. तिचे कसे हायत?"

"ब्रेक वगैरे ठीक आहेत ना?" धम्मशीलाबाईंनी मधेच विचारले.

"तुमी निवांत बसा, मॅडम," पंडित म्हणाला.

सीटखाली मी ते ऐकले. पायातला ब्रेकही दोन-तीनदा दाबल्याशिवाय लागत नव्हता, हे मला ठाऊक होते. माझ्याबद्दल तर तो एक शब्दही बोलला नाही.

पोखर्णी मागे पडली. पुढे एका गावाबाहेर बारव होती. तिथे पंडितने मला चाकाखाली घातले, पण ती जमीन काळी आणि भुसभुशीत होती. गाडीचा भार आला तसा मी वीतभर सरकलो. वीस वर्षांत पहिल्यांदा. पंडितने ते पाहिले. त्याने इकडेतिकडे बघितले, टाचेने मला आत दाबले आणि तो तंबाखू मळू लागला. त्या घटकेपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. या माणसाने आता तरी त्या दोघींना सांगावे असे मला वाटत होते. तो बोलला नाही.

दुपारी आम्ही कोलघाटला पोचलो. सीटखालून मला काही दिसत नव्हते, पण नदीचा वास आला आणि मी कुठे आलो ते मला कळले. पंडितने घाटाच्या उतारावर नदीकडे तोंड करून जीप लावली. माझी कोरीव बाजू खाली करून मला चाकाखाली घातले. तिथून पाणी तीस पावलांवर होते. पुढच्या बंधाऱ्यामुळे त्या जागी नदी डोहासारखी खोल आणि गप्प असते. पंडित बाटल्या घेऊन उताराच्या अर्ध्यावर असलेल्या हापशाकडे गेला.

"चल माय," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "हळूहळू चढू."

"तू ये बघून. माझे पाय दुखायलेत."

"एवढ्या लांब कशाला आलो मग?"

"आले की. दिसायलंय मला इथून." ती पुढच्या सीटवरून हलली नाही. तिच्या पायांपेक्षा दुसरेच काही दुखत होते. सत्तर वर्षांनीही त्या पायऱ्या तिला अडवत होत्या, हे मला पुढे उमगले.

धम्मशीलाबाई वर गेल्या आणि थोड्याच वेळात धापा टाकत परत आल्या. "माय, दाराच्या चौकटीवर अर्धंच कमळ आहे गं! अर्धं तुटून गेलंय."

"तीन पाकळ्या आन् खाली मणी," आई म्हणाली.

धम्मशीलाबाई बघतच राहिल्या. "तुला काय माहीत? तू तर कधी वर गेली नाहीस."

"दुसरा तुकडा खाली पडलेला होता की. हितंच. मी त्याच्यापाशी बसून भाकर खायची. बघ बरं गवतात, असंल कुठं."

मित्रांनो, ती कोण होती ते मला तेव्हा कळले. आवाज म्हातारा झाला होता, पण शेळ्यांना हाका मारणारा तोच होता. ती माझी केशर होती आणि मी तिच्याच गाडीच्या चाकाखाली होतो.

धम्मशीलाबाईंनी गवत धुंडाळले. दगड उलटेपालटे केले. काही मिळेना. थकून त्या जीपला टेकायला आल्या आणि खाली वाकल्या. सकाळी बारवेपाशी घासल्यामुळे माझ्या कडेचे ग्रीस निघाले होते. तिथे एक मणी दिसत होता. त्याच्या शेजारी दुसरा.

त्या गुडघ्यांवर बसल्या. हातात काडी घेऊन माझ्या खालचा मुरूम उकरू लागल्या. पाकळी दिसावी म्हणून त्या उकरत होत्या आणि त्या पाकळीच्याच जोरावर जीप थांबलेली होती. गाडीला हँडब्रेक असतोच, असे त्यांना वाटले. कोणालाही वाटेल. ज्याने सांगायला हवे होते तो हापशावर बाटली भरत होता.

मी ओरडणार तरी कशाने? एक पाकळी सुटली. दुसरी सुटली.

"माय, सापडलं! हेच आहे!" असे म्हणून त्यांनी मला दोन्ही हातांनी ओढले. चाकाने मला बाहेर ढकलून दिले. धम्मशीलाबाई मागे पडल्या, मी त्यांच्या मांडीवर, आणि जीप त्यांच्या पायांजवळून हलली.

आधी ती अगदी सावकाश गेली. इंजिन बंद, आवाज नाही. खिडकीतून पदराचे टोक बाहेर आले होते, ते पुढे पुढे जाऊ लागले.

"धम्मा," केशरबाईंचा आवाज आला, "कोण चालवायलंय गाडी?"

"पंडितराव!" धम्मशीलाबाई किंचाळल्या.

पंडितने वळून पाहिले. बाटली टाकून तो धावत सुटला. "मावशी, घट्ट धरा! उडी मारू नका!" जीपचा वेग वाढत होता. पंडितने चालकाच्या बाजूचे दार धरले. एकदा हात निसटला. दुसऱ्यांदा धरले आणि तो अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळू लागला. ब्रेकवर पाय पोचला. त्याने दाबला. काही झाले नाही.

धम्मशीलाबाई मला छातीशी धरून धावत होत्या. मी हलका नाही. लोंबकळणाऱ्या पंडितचे पाय फरशीवर घासून जीप जरा मंदावली, तशा त्या पुढे निघाल्या आणि क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले. जे शोधायला आल्या होत्या ते त्यांच्या हातात होते. मग त्यांनी मला चाकापुढे फेकले.

मी उताणा पडू नये, एवढेच मला वाटले. मी पाकळ्यांवर पडलो. चाक अंगावर आले. मी घाटाच्या फरशीवरून घासत गेलो, दोन हात, तीन हात. माझ्या कडेचा एक मणी उडाला. वरून पंडित ब्रेक दाबत होता, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. फरशीच्या दोन दगडांमध्ये एक फट होती. माझी मधली पाकळी त्या फटीत अडकली आणि तेवढ्यात ब्रेक लागला.

जीप थांबली. पाणी चार पावलांवर होते.

 पंडित खाली उतरला. त्याने घाईघाईने आणखी दोन दगड चाकांना लावले.

"झालं का तुमचं?" केशरबाई आतून म्हणाल्या. "उतरू का आता?"

धम्मशीलाबाई त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या. "माय, मी काढला गं दगड. मीच काढला."

"तू काढला, तूच लावला. रडू नको. आन तो इकडं."

केशरबाई उतरून घाटावर बसल्या आणि मला मांडीवर घेतले. पदराने पुसले. डोळ्यांना नीट दिसेना, तेव्हा पाकळ्यांवरून बोट फिरवले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बोट थांबले.

"हेच हाय," त्या हळू म्हणाल्या. वीस वर्षांपूर्वी हा इथूनच उचलला, असे पंडितने खालमानेने सांगितले, तशा त्या त्याच्याकडे वळल्या. "वीस वरीस माझं फूल चिखलात घातलंस व्हय रं?"

पंडितने कान धरले. "मावशी, चुकलं. तार बसवली असती तर हे झालं नसतं. मी तुमाला सकाळीच सांगाय पायजे व्हतं."

"मग आता उचल, आन् चल वर."

"तुमचे पाय दुखायलेत न्हवं?"

"दुखू दे."

पंडितने मला खांद्यावर घेतले. पुढे केशरबाई, त्यांचा हात धरून धम्मशीलाबाई. पहिल्या पायरीपाशी त्या थांबल्या. सवयीने इकडेतिकडे पाहिले. मग पाय उचलला. एकवीस पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर त्या दम खात होत्या, पण मागे वळल्या नाहीत. पंडितने मला चौकटीतल्या खाचेत बसवले. पाकळ्या पाकळ्यांना लागल्या. उडालेल्या मण्याची जागा तेवढी रिकामी राहिली, ती आजही आहे.

परतीच्या वाटेवर पंडितने कुठेही इंजिन बंद केले नाही म्हणे. चहासुद्धा गाडीत बसूनच घेतला. दुसऱ्या दिवशी त्याने हँडब्रेकची तार बसवली. हे मला धम्मशीलाबाईंनी नंतर सांगितले. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याला त्यांनी पत्र लिहिले आहे. मला पक्के बसवायला माणसे येतील तेव्हा येतील. तोवर गावातल्या मनकर्णाबाई रोज झाडताना मला हात लावून बघतात, मी जागेवर आहे ना.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही माझ्यासारखे दगड गवतात, बांधावर, चुलीखाली पडलेले असतील. उलटे करून बघा. त्यावर कोणाचा तरी अंगठा फिरलेला असेल. पण ओढण्याआधी एवढे विचारा, की याच्यावर कशाचा भार आहे. आणि तुमची मोडलेली वस्तू दुसऱ्याचा जीव सांभाळत असेल, तर ती आजच दुरुस्त करा, निदान मोडली आहे हे सांगा तरी.

धम्मशीलाबाई मागच्या वेळी एकट्या आल्या होत्या. त्यांनी माझ्या तीन पाकळ्यांवरून आणि मग वरच्या तीन पाकळ्यांवरून बोट फिरवले. केशरबाई अठरा जुलै दोन हजार चोवीस रोजी परभणीत, लेकीच्या घरी वारल्या. त्या ऐंशी वर्षांच्या होत्या.