देम्यानच्या नावाची चिठ्ठी

नदीचा बर्फ फुटायला लागला की तालित्स्कचा तरंगता पूल काढून घेतात, हे झोयाला काय नवीन होतं? सत्तावीस वर्षं त्या शहरात काढलेली बाई. पण दर वर्षी पूल एप्रिलच्या वीस तारखेनंतर काढायचे, आणि या वर्षी मेल्या उन्हाला कसली घाई झाली होती कोण जाणे. चौदा तारखेला सकाळी ती काठावर येऊन बघते तर पूल गायब, आणि घराएवढाले बर्फाचे तुकडे एकमेकांना ढुशा देत चाललेले. पलीकडच्या काठावर कब्रस्तानातलं छोटं चर्च दिसत होतं. दिसून काय उपयोग! तिने नदीला मनसोक्त शिव्या घातल्या आणि मागे फिरली.

चौदा एप्रिलला ती त्या पलीकडच्या चर्चमध्येच जायची. तिथे मेणबत्त्या विकणारी म्हातारी ठार बहिरी होती आणि तिला दिसायचंही जेमतेम. नावांची चिठ्ठी घ्यायची, पाद्रीबाबांकडे पोचवायची, एका शब्दाने विचारायची नाही. अलीकडच्या चर्चमध्ये, स्टेडियमला लागून, बसायची ग्लाफिरा. बर्फावरच्या हॉकीचं वेड असलेली, साठीची बाई. तालित्स्कमध्ये कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घरच्या बाईच्या आधी ग्लाफिराला कळायचं.

आज नको जायला, असं झोयाच्या मनात आलं. पण चौतीस वर्षांत एकही चौदा एप्रिल चुकला नव्हता. तिने शाल घट्ट केली आणि गेली.

"अगं बाई! झोया गाव्रीलोवना, आज आमच्याकडे कशा वाट चुकलात?" ग्लाफिरा अर्धी उठलीच. "लेकासाठी आलात ना? आज सहावा सामना. आज जिंकलो की कप आपला! काल रात्रभर मला डोळा नाही हो."

मागच्या रांगेत कुजबुज झाली. देम्यान व्यात्किनची आई! सतरा नंबरची आई! लाल मफलर घातलेल्या एका ट्रामचालकाने तर टोपीच काढली. झोयाने मान खाली घालून दोन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. एक जिवंतांच्या आरोग्यासाठी, एक मेलेल्यांच्या आत्म्यासाठी. पाद्रीबाबा प्रार्थनेत एकेक नाव वाचतात, म्हणून अक्षर नीट लागतं, आणि झोयाचं अक्षर चांगलं गोल, शाळकरी होतं. तेच नडलं.

ग्लाफिराने चष्मा नाकावर घेतला. मेलेल्यांच्या चिठ्ठीत आर्कादी, म्हणजे नवरा, ठीक. गाव्रीला, अक्सिन्या, म्हणजे आईबाप, ठीक. आणि खाली, बाळ देम्यान.

"ईश्वरा!" ग्लाफिराने भराभर छातीवर क्रूस काढला. "अहो, हे काय लिहून बसलात? पोटच्या पोराला मेलेल्यांत घातलंत? सामन्याच्या दिवशी? आणि बाळ कसलं, शंभर किलोचा बाप्या आहे तो!"

"द्या इकडे," झोया म्हणाली. "ते बरोबर आहे."

"कसलं बरोबर! वय झालं की होतं असं, लाजू नका. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय. हे बघा, आत्ता दुरुस्त करते." आणि त्या बयेने पेन उचलून देम्यानचं नाव खोडलं, ते आरोग्याच्या चिठ्ठीत लिहिलं, आणि तिथलं तिमोफेईचं नाव उचलून मेलेल्यांत टाकायला घेतलं.

"नको!" झोया अशी किंचाळली की मेणबत्त्या लावणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. "तिमोफेई जिवंत आहे!"

"कोण हा तिमोफेई?"

सगळी रांग तिच्याकडे बघत होती. तिने चिठ्ठ्या ग्लाफिराच्या हातातून ओढून घेतल्या आणि बाहेर पडली. पायऱ्यांवर तिचा पाय घसरला, त्या ट्रामचालकाने दंड धरून सावरलं, तर त्याचे आभारही न मानता ती सुटली.

कोण हा तिमोफेई! सांगायचं तरी कसं?

तिमोफेई म्हणजे तिचा थोरला, तिमा. तोच, ज्याला सगळा देश देम्यान म्हणून ओळखतो. आणि देम्यान धाकटा. कोझीनो खेड्यात, एप्रिलच्या चिखलात रस्ते बुडालेले असताना, त्याच्या छातीत कफ भरला. डॉक्टर ट्रॅक्टरवर बसून निघाला तो वाटेतच रुतला. चौदा तारखेला पाच महिन्यांचं पोर गेलं. आर्कादीने स्वतः पेटी ठोकली. मृत्यूची नोंद करायला जायचं तर जन्माचा दाखला परत द्यावा लागतो, आणि झोयाने तो दिला नाही. बिस्किटांच्या डब्यात लपवला. पोराचं दुसरं काही राहिलंच नव्हतं तिच्याकडे.

मग खेड्यातली सामुदायिक शेती बुडाली आणि ती तिघं तालित्स्कला आली. काय दिवस होते ते! पोलादाचा कारखाना पगाराच्या जागी पातेली द्यायचा. घरात अकरा पातेली, आणि शिजवायला काही नाही. आठ वर्षांचा तिमा इतका बारका की सहाचा वाटावा. पण बर्फावर सोडला की बघत राहावं. आर्कादी त्याला हॉकीच्या शाळेत घेऊन गेला. प्रशिक्षकाने पोराला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि विचारलं, "वय?"

"आठ."

"हात्तिच्या! आठ वर्षांच्या गटाला दोन वर्षं झाली सुरू होऊन. सहाचा गट आता भरतोय. सहाचा असता तर डोळे मिटून घेतला असता." आणि उठता उठता म्हणाला, "रोज दुपारी गरम जेवण आहे हो पोरांना."

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा डबा रिकामा होता. "मेलेल्याला कागदाचा काय उपयोग, झोया?" आर्कादी तिच्याकडे न बघता म्हणाला. "जिवंताचं पोट तरी भरेल." तिने भांडायला हवं होतं. घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण पोरगं संध्याकाळी आलं ते सांगत की आई, मी तीन ताटं जेवलो, आणि वर मांसाचा गोळा मागितला तर तोही दिला! झोयाने त्याचे गाल पुसले आणि तोंडाला कुलूप लावलं. ते कुलूप लावल्याचा सल तिला आजतागायत होता.

पुढचं आर्कादीच्या आत्याने निस्तरलं. ती कोझीनोच्या ग्रामकार्यालयात कारकून. वहीत एक जिवंत हवा, एक मेलेला हवा, तर तिने कागदावर थोरल्याला मारून टाकलं आणि हिशोब जुळवला. धाकट्याच्या थडग्यावर नावाची पाटी लावायची सोयही उरली नाही. लावायची तर कोणाच्या नावाची?

चौदा तारखेच्या संध्याकाळी झोयाने सामना टीव्हीवर बघितला. स्टेडियममध्ये जायचा धीर नव्हता. दुसऱ्या सत्रात पक, ती रबराची जड चकती, थेट लेकाच्या भुवईवर बसली. टाके घालून तो परत उतरला, आणि शेवटच्या दोन मिनिटांत समोर रिकामी जाळी असताना दोनदा चुकला. तालित्स्क हरलं. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत. आता सगळं सातव्यावर.

शेजारीण भिंतीपलीकडून मुद्दाम मोठ्याने बोलत होती. "आईनेच जिवंतपणी पुरला हो त्याला! मेणबत्तीसकट! मग कसा खेळणार?" रात्री साडेदहापर्यंत ही बातमी कारखान्याच्या तिन्ही पाळ्यांना झाली होती.

सकाळी तो आला. डोळा सुजून बटाट्याएवढा, तोंडावर मात्र हसू. दारातच वाकून त्याने बूट काढले. गुडघे कडकड वाजले. चौतिसाव्या वर्षी याचे गुडघे इतके कसे झिजले म्हणून क्लबचे डॉक्टर चकित व्हायचे. ते छत्तीस वर्षांचे होते, हे त्यांना कोण सांगणार?

"काय म्हातारे," तो म्हणाला, "मला गाडलंस म्हणे?"

"बस. लापशी खा." तिने ताट त्याच्यापुढे आदळलं. मग मात्र तिला राहवेना. "तू सांग त्यांना, आईला भ्रम झालाय. म्हातारी झाली, कोणाचं नाव कुठे लिहिते तिचं तिला कळत नाही. मी वेडी म्हणवून घेईन रे, मला काही वाटत नाही. तुझा खेळ, तुझी पदकं, सगळं त्या कागदावर उभं आहे."

त्याने चमचा खाली ठेवला. "काल चौदा तारीख होती."

झोयाने लापशीचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं.

"मी विसरलो असं वाटलं तुला? पेटीवर माती टाकताना मला कडेवर घेतलं होतं बाबांनी. तेवढंच आठवतं. पण तेवढं आठवतं."

"काल त्याची प्रार्थना झाली नाही," झोया म्हणाली. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा. कोणी नाव नाही घेतलं त्याचं. तुझ्यासाठी तेच नाव घेऊन घेऊन सगळं शहर ओरडतं, आणि त्याच्यासाठी एकदाही कोणी..." ती सिंककडे तोंड करून उभी राहिली.

त्याने ताट दूर सारलं. लापशी निवली. मग म्हणाला, "मी सकाळी क्लबला फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, सातवा सामना होईपर्यंत गप्प बस."

"मग बस ना, बाबा!"

"सत्तावीस वर्षं बसलोच की. ऊठ, शाल घे."

चर्चबाहेर रांग पायऱ्यांखाली आली होती. लाल मफलर, लाल टोप्या, पाळीवरून तसेच आलेले कामगार, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. त्याला बघून एकच गलका झाला. "आला! देम्यान आला! अरे वाट द्या!" कोणी पाठीवर थोपटलं, कोणी झोयाकडे डोळे वटारले. ग्लाफिरा मेणबत्त्यांच्या मागे घामाघूम झाली होती. तिच्यापुढे चिठ्ठ्यांचा ढीग होता, सगळ्या आरोग्याच्या. आईने केलेली चूक शहराने निस्तरायला घेतली होती. त्याने वरच्या चार-पाच उचलून बघितल्या. देम्यान. देम्यान. देम्यान. एका पोराने वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, देम्यान, नंबर १७.

"बघा, किती जीव आहे लोकांचा तुमच्यावर," ग्लाफिरा म्हणाली आणि झोयाकडे बघून नाक मुरडलं.

"पेन द्या जरा, मावशी."

त्याने उभ्या उभ्याच दोन चिठ्ठ्या लिहिल्या. शाळेत असल्यापासून अक्षर घाणेरडं, म्हणून मोठमोठं लिहिलं. मग ग्लाफिराच्या हातात देताना वाचूनही दाखवलं, आणि त्याचा आवाज बर्फावर ओरडायला सरावलेला, रांगेच्या शेवटपर्यंत पोचला.

"आरोग्यासाठी, तिमोफेई. तो मी. आत्म्यासाठी, बाळ देम्यान. तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच्या दाखल्यावर खेळलो. आईची काही चूक नाही. तिने काल बरोबर लिहिलं होतं."

झोयाला वाटलं आता जमीन फाटावी. सगळ्यात आधी तो ट्रामचालकच बोलला, आणि रडवेल्या रागाने बोलला. "अहो, मग परवा सांगायचं होतंत! सामना झाल्यावर! दोन दिवसांनी काय बिघडलं असतं? आता उतरवतील तरी का तुम्हाला उद्या?"

"माहीत नाही, दादा."

"माहीत नाही म्हणे! अठरा वर्षं वाट बघतोय आम्ही त्या कपाची!" त्याने टोपी आपटली. मग ती उचलली, ढिगाकडे आला आणि आपली चिठ्ठी हुडकायला लागला. सापडल्यावर ग्लाफिराचं पेन घेतलं, वरचं 'आरोग्यासाठी' खोडलं, पुटपुटत काहीतरी लिहिलं, आणि चिठ्ठी दुसऱ्या बाजूला ठेवली. मेलेल्यांच्या. मागच्या बाईने पेन मागितलं. मग तिच्या मागच्याने. काहीजण चिठ्ठी तशीच टाकून, तोंडातल्या तोंडात शिव्या देत निघूनही गेले. झोयाने त्यांना मनातूनही बोल लावला नाही.

तिच्या लेकाचा फोन खिशात वाजायला लागला होता. तो घेत नव्हता.

ग्लाफिरा खुर्चीतून उठली. तिने झोयाला हाताला धरून आत, मेणबत्त्यांच्या मागे घेतलं, आपल्या स्टुलावर बसवलं, आणि अगदी हळू विचारलं, "केवढं होतं गं?"

"पाच महिन्यांचं."

"दात आले होते?"

चौतीस वर्षांत त्याच्याबद्दल कोणीच काही विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, सासरच्यांनी नाही. झोया ग्लाफिराकडे बघत राहिली, आणि तिने आपल्या हिरडीवर बोट ठेवून दाखवलं.

"एकच," ती म्हणाली. "खालचा. इथे."