दुपारची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुना पोलादी तुकडा आहे. बोटाच्या पेराहून लहान, एका बाजूने वाकडा आणि दुसऱ्या बाजूने इतका धारदार, की सर्जननेसुद्धा मला चिमट्यानेच उचललं. सध्या माझा मुक्काम एका काचेच्या बाटलीत आहे. बाटली पाकिटात, पाकीट फायलीला टाचलेलं आणि फाईल लोखंडी कपाटात. पण त्याआधीची चाळीसेक वर्षं मी एका माणसाच्या अंगात काढली. तिथे ऊब होती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेव्हा मी एकटा नव्हतो. माझ्यासारखी पुष्कळ भावंडं मिळून आमचा एकच तोफगोळा होता. लेथ चालवणाऱ्या बाईने आमचं अंग घासून गुळगुळीत केलं, तळहाताने पुसलं आणि मुकादमाने दोनदा टिचकी मारून ‘छान उतरलाय’ असं म्हटलं. आयुष्यात माझं झालेलं ते पहिलं कौतुक. त्यानंतर आम्ही अंधाऱ्या खोक्यात बरेच दिवस पडून होतो.

पुढचं सांगण्याआधी दोन माणसांची ओळख करून देतो. दोघंही लढाईत टेलिफोनच्या तारा जोडायचं काम करत. एकाला सगळे तारवाला म्हणत. दुसऱ्याचं नाव पडलं होतं शिट्टी, कारण तारेचा एक सांधा जोडून झाला की तो शिट्टी वाजवायचा. नेहमी तीच. तीन सूर वर चढायचे आणि चौथा लांबत जायचा. घरी असताना गल्लीच्या तोंडाशी आला की तो हीच शिट्टी वाजवत असे, आणि त्याची धाकटी बहीण धावत येऊन दाराची कडी काढत असे.

त्या सकाळी डोंगरावर दाट धुकं होतं. वरच्या चौकीची तार तुटली होती. अधिकाऱ्याने दोघांना तोंडीच सांगितलं, जाऊन जोडून या. ते गेले, तार सापडली, सांधा बसला आणि शिट्टीने शिट्टी वाजवायला घेतली. तेवढ्यात शत्रूच्या तोफेतून सुटलेला आमचा गोळा तिथेच फुटला. फुटल्यावर कुठे जायचं हे तुकड्याच्या हातात नसतं, मित्रांनो. मी शिट्टीच्या गळ्यातून आरपार गेलो. चौथा सूर तेव्हा नुकताच सुरू झाला होता. तिथून निघालो तो तारवाल्याच्या खांद्यात शिरलो आणि थांबलो. वाटेत मी दोन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. एक डोळ्यांना दिसणारी होती. दुसरीचा पत्ता मलाही बरीच वर्षं लागला नाही.

तारवाला खाली इस्पितळात कसाबसा पोचला. त्याच दिवशी तळावरच्या स्वयंपाकघरात स्टोव्ह फुटला होता आणि भाजलेल्या आचाऱ्यांच्या खाटा ओळीने लागल्या होत्या. त्यांच्या शेजारी याची खाट. घाईत असलेल्या कारकुनाने सगळ्या ओळीला एकच कारण लिहून टाकलं. शिट्टीचं तर काहीच हाती लागलं नाही, कारण संध्याकाळपर्यंत तो डोंगरच त्यांच्या सैन्याच्या ताब्यातून गेला. हजेरीला त्याने ओ दिली नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘गैरहजर’ असं पडलं आणि काही आठवड्यांनी त्याचं ‘पळून गेला’ झालं. ज्याने दोघांना पाठवलं तो अधिकारी त्याच आठवड्यात मारला गेला. म्हणजे कागदावर एकजण स्टोव्हने जखमी झाला आणि दुसरा पळाला. डोंगरावर कुणी गेलंच नव्हतं.

बरा झाल्यावर तारवाला शिट्टीच्या घरी गेला. आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला. गल्लीने ठेवला नाही. ती पाण्याला गेली की बायकांचं बोलणं थांबायचं आणि ती वळली की पुन्हा सुरू व्हायचं. आई गेली ती पळपुट्याची आई म्हणूनच गेली. जाताना तिने तारवाल्याकडे एकच मागणं मागितलं, की माझ्या लेकाच्या नावापुढचा तो शब्द तेवढा काढून टाक. पुढे बहिणीचं आणि तारवाल्याचं लग्न झालं. ते कीव येऊन झालं की जीव जडून, यावरून दोघं म्हातारपणापर्यंत एकमेकांना चिडवत असत. मी आतून ऐकायचो.

तारवाला विजेच्या मोटारींना तारांच्या गुंडाळ्या भरून द्यायच्या दुकानात काम करू लागला. उरलेल्या वेळात तो अर्ज करत असे. प्रत्यक्ष लढाईत असणाऱ्यांना जे पदक मिळतं, ते त्याला हवं होतं. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला छातीवर मिरवायची हौस आहे. हौस कसली! त्याचा हिशेब सरळ होता. मी डोंगरावर होतो हे एकदा ठरलं, की माझ्याबरोबरचाही तिथेच होता हे आपोआप ठरेल. पण दरवेळी उत्तर यायचं, की आपण स्वयंपाकघरातील अपघातात जखमी झाल्याची नोंद आहे. मग तो बायकोकडे बघून म्हणायचा, ‘यांना सांग, मला अजून स्टोव्ह पेटवता येत नाही.’ ती हसायची. पण मित्रांनो, छातीशी राहून मला एक गोष्ट कळली होती. ती हसायची तेव्हा त्याच्या काळजाचा ठोका जरा चुकायचा. तिलाही मनातून शंका आहे, हे त्याला ठाऊक होतं. मेलेल्या मित्राची लाज राखायला माणूस खोटं बोलूही शकतो, असं तिला कधीतरी वाटून गेलं होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

आता जरा विचित्र भाग येतो. मी सरकत होतो. डॉक्टर म्हणत की असे तुकडे अंगात हलतात, त्यात विशेष काही नाही. पण मी स्वतःहून हलत नव्हतो. मला कुणीतरी ओढत होतं, अगदी हळू, कधी वर्षभरात तांदळाच्या दाण्याएवढं. खांद्यातून मी गळपट्टीच्या हाडाखाली आलो, तिथून वर आलो, आणि एके वर्षी गळ्याच्या पायथ्याशी येऊन टेकलो.

त्याच वर्षी एका दुपारी बायको स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. तारवाला जेवून आतल्या खोलीत झोपला होता. बाहेर लख्ख ऊन होतं. शिट्टी वाजली. तीन सूर वर चढले आणि चौथा सुरू होता होता तुटला. तिने विचारही केला नाही. हात पदराला पुसले, धावत गेली आणि दाराची कडी काढली. गल्ली रिकामी होती. समोरच्या भिंतीवर एक चादर वाळत होती, तीही हलत नव्हती. ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली, आणि शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी तिच्या पाठीमागून, घरातून.

ती खोलीच्या दाराशी आली. नवरा गाढ झोपेत होता. त्याचे ओठ मिटलेले होते. त्याला उभ्या जन्मात शिट्टी वाजवता आली नव्हती, आणि आता तर पुढचे दोन दातही नव्हते. शिट्टी त्याच्या गळ्यातून येत होती.

वाटेत आणलेली दुसरी गोष्ट कोणती, ते मला त्या दुपारी कळलं.

तेव्हापासून ती रोज दुपारी विणकाम घेऊन त्याच्या उशाशी बसू लागली. रोज शिट्टी वाजायची आणि रोज चौथ्या सुराशी तुटायची. पहिले काही दिवस ती भ्यायली होती. मग भीती गेली. पुष्कळ दिवसांनी तिने त्याला सांगितलं. तो उठून बसला. मग त्याने विचारलं, ‘आता पटलं?’ तिने मान हलवली. माझ्याजवळचं काळीज इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठोका न चुकता चाललं.

गोष्ट इथे संपली असती तर मी आजही उबेत असतो. पण त्याच सुमारास जुन्या सैनिकी नोंदी दुरुस्त करायला एक मंडळ बसलं. तारवाल्याने एक्स-रे नेऊन दाखवला. मंडळावरचे साहेब सभ्य होते. ते म्हणाले, धातू दिसतोय खरा, पण फुटलेल्या स्टोव्हचाही असू शकतो. बाहेर काढून तपासला तर आम्हाला काही ठरवता येईल. सर्जन म्हणाला, निघेल, आणि राहिला तरी फारसं बिघडणार नाही. तुम्हीच ठरवा.

ठरवायला दोघं घरी आले. बायकोने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘अहो, मला पुरावा मिळाला. आता कशाला ही कापाकापी?’

‘तुला मिळाला,’ तो म्हणाला. ‘त्याला नाही मिळाला. आईला तर नाहीच.’

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी उशाशी बसून तिने शिट्टी ऐकली आणि तो जागा होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, ‘काढून टाका. मी दादाला माझ्या एकटीसाठी घरात ठेवून घेतलं, तर बाहेर तो गैरहजरच राहील.’ एवढं बोलून ती रडली. मीही रडलो असतो, पण पोलादाला ती सोय नाही.

सर्जनने मला काढलं, धुतलं, आणि भिंगाखाली धरलं. माझ्या वाकड्या बाजूत एका पातळ पत्र्याचा कोपरा घट्ट बसला होता. सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्याचा कोपरा. त्यावर क्रमांकाचे शेवटचे आकडे होते आणि ते तारवाल्याचे नव्हते. मंडळाने पडताळून पाहिलं. आकडे शिट्टीचे निघाले आणि मी तोफगोळ्याचा निघालो. पळून गेलेल्या माणसाच्या गळ्यातला बिल्ला शेजारच्याच्या अंगात कसा रुतला, याचं दुसरं उत्तर कुणाकडेही नव्हतं. दोन्ही नोंदी दुरुस्त झाल्या. दोन पदकं आली. एक तारवाल्याने घेतलं, दुसरं बहिणीने. साहेब उभे राहिले, तेव्हा खोलीतले सगळेच उभे राहिले. माझं मात्र कुणी नाव काढलं नाही. मला बाटलीत घातलं, पाकिटावर शिक्का मारला आणि कपाट बंद झालं.

घरातल्या दुपारी मुक्या झाल्या, हे मला तारवाल्याच्या तोंडून कळलं. तो कचेरीच्या खिडकीशी येऊन कारकुनाला सांगत होता, की तो तुकडा आम्हाला परत हवा आहे, माझ्या बायकोसाठी. कारकून म्हणाला, तो पुरावा आहे, फायलीबरोबरच राहणार. परत हवा असेल तर अर्ज करा. तारवाला हसला. अर्ज म्हटल्यावर त्याला घरच्यासारखंच वाटलं असणार. त्याने अर्ज केला. उत्तर आलं नाही.

आणि इकडे जेवणाच्या सुट्टीत कपाटातून शिट्टी ऐकू येऊ लागली. शिपाई म्हणाला किटली असेल. किटली कोरडी होती. कारकुनाने खिडक्या लावून घेतल्या, मग पंखा बंद केला, मग जागाच बदलून घेतली. आता त्या वेळेला त्या खोलीत कुणी थांबत नाही.

मग एका खेपेला तारवाल्याची बायको एकटीच आली. अंगावर पांढरी शाल होती आणि हातात तारवाल्याची चष्म्याची डबी. मला काय ते कळलं. सुट्टीची वेळ होती. कारकून तिला बसायला सांगून जेवायला गेला. ती बाकावर बसली. खोली रिकामी झाली, आणि शिट्टी वाजली.

ती उठली, कपाटापाशी आली आणि तिने पत्र्यावर तळहात ठेवला. ऊब माझ्यापर्यंत पोचली.

‘दादा,’ ती हळूच म्हणाली, ‘हजर आहेस ना?’

शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी चौथा सूर तुटला नाही. तो पुरा वाजला, आणि मग त्याच्यामागून आणखी एक आवाज आला, फुसका, पुढचे दोन दात नसलेल्या माणसाने नव्यानेच शिट्टी वाजवायला घ्यावी तसा. तिने कपाटाची मूठ धरली आणि ओढली. कुलूप होतं. सुट्टी संपेपर्यंत ती मूठ धरून उभी होती.

मित्रांनो, मला कुणी पुसावं, चकाकी आणावी, काचेत मांडून ठेवावं, असं माझं म्हणणं नाही. तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन अशा कचेरीत बसलं, तर फायलींना टाचलेली पाकिटं एकदा उघडून बघा. त्यात काय काय अडकलेलं असतं याची नोंद कुठेच होत नाही. आणि आमची शिट्टी कानावर आली तर पळू नका. शिट्टी वाजली की कडी काढायची, एवढं तिला लहानपणापासून माहीत आहे. ती अजूनही दर आठवड्याला येऊन बाकावर बसते. फक्त या दाराची किल्ली तिच्याकडे नाही.