पायातली टाचणी

“पाय वर करा,” मी म्हटलं. दारापासून शिलाई मशीनपर्यंत फरशीवर लाल ठिपके पडले होते आणि आमचे मास्तर निवांत पायडल मारत बसले होते. डाव्या तळव्यात टाचणी पार डोक्यापर्यंत रुतलेली. कधी रुतली म्हणून विचारलं, तर म्हणाले, “कुठं काय?” आयुष्यभर टाचण्यांत वावरलेल्या टेलरला स्वतःच्या पायातल्या टाचणीचा पत्ता नव्हता.

मधुमेह घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. आम्ही त्याला नुसतं ‘साखर’ म्हणायचो, चार दिवस राहायला आलेली पाहुणी असावी तसं. नर्सबाईंनी मला सगळं शिकवलं होतं. तळवे रोज आरशात बघायचे, अनवाणी फिरायचं नाही, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं समजायचं नाही. मास्तरांनी गोळ्या घेतल्या, गोड सोडलं, पण चप्पल घालून मशीनवर बसायचं नाव नाही. उघड्या तळव्याला मशीनची चाल कळते म्हणे. त्या तळव्याला काहीच कळेनासं झालंय, हे कबूल कोण करणार? आणि बायकोनं रोज पाय तपासायचे, म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रोजची कटकट नको म्हणून मीही सोडून दिलं. ते माझंच चुकलं.

जखम भरलीच नाही. आधी बोट काळं पडलं, मग पाऊल. सोमवारी गुडघ्याखाली पाय काढायचा ठरला. मास्तरांनी डॉक्टरांना एकच विचारलं, एका पायानं पायडल चालतं का? मी म्हटलं, मोटर बसवून घेऊ. त्यावर ते नुसते हसले. डोळेही वर्षभरापूर्वीच अधू झाले होते, आणि मशीन आता बंद होणार हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी त्यांनी स्वतःची राखाडी पँट टेबलावर पसरली आणि मला वही घ्यायला सांगितलं. मापं त्यांनी सांगायची, मी लिहायची, तीस वर्षं हेच चाललेलं. कंबर, सीट, मांडी झाली. आवाज रोजच्यासारखाच होता.

“उजवा पाय एकोणचाळीस. डावा पंचवीस.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

“लिही गं,” ते हळूच म्हणाले. “गिऱ्हाईक खोळंबलंय.”

मी लिहिलं. त्यांनी खडूनं रेघ मारली, कात्री चालवली आणि खाली पडलेला तुकडा उचलून, नीट घडी घालून माझ्या हातात दिला.